एसटीओच्या त्या आकृतीत वेळ कुठे आहे?

कुठल्याही व्हीएफडीचं किंवा सर्वो ड्राइव्हचं मॅन्युअल उघडा आणि सेफ्टीच्या प्रकरणापर्यंत जा. तिथे एक आकृती हमखास सापडते. डावीकडे इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण. त्याच्या तारा मधल्या चौकोनात जातात, तो सेफ्टी कंट्रोलर. चौकोनातून दोन तारा निघून ड्राइव्हच्या एसटीओ १ आणि एसटीओ २ या टर्मिनलवर पोचतात. उजवीकडे मोटरचं वर्तुळ. आणि खाली एक ओळ: सिल ३, पीएल ई.

एसटीओ म्हणजे सेफ टॉर्क ऑफ. या आकृतीत जे काढलंय ते बरोबरच आहे. पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न असा: सांगितल्यावर ड्राइव्ह मोटरला टॉर्क द्यायचं बंद करेल का? आपण मात्र ती वाचतो ते 'मशीनजवळचा माणूस सुरक्षित राहील का' या प्रश्नाचं उत्तर म्हणून. या दोन प्रश्नांच्या मधे भाराचं वजन, त्याचा वेग, ब्रेक, थांबायला लागणारा वेळ आणि दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग्ज बसलेली असतात. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं आज या आकृतीचं करू. उद्या तुमच्या प्रबंधाच्या 'हार्डवेअर सेटअप'मध्ये ती जशीच्या तशी उतरण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून.

आधी तिचं श्रेय तिला देऊ. थ्री फेज मोटर फिरायला फिरतं चुंबकीय क्षेत्र लागतं, आणि ते तयार करायला ड्राइव्हमधले सहा आयजीबीटी ठराविक क्रमाने, अचूक वेळेला चालू-बंद व्हावे लागतात. एसटीओ हे गेट पल्सच अडवतो, तेही दोन स्वतंत्र मार्गांनी. इथली खरी हुशारी अशी की बिघाड झाला तरी योगायोगाने तो क्रम जुळून येत नाही. एखादा आयजीबीटी शॉर्ट झाला, तरी मोटर फिरत राहणार नाही. एक अपवाद आहे. वेगवेगळ्या फेजमधला एक वरचा आणि एक खालचा, असे दोन एकदम शॉर्ट झाले, तर कायमचुंबक मोटर एक झटका देऊ शकते. तो जास्तीत जास्त १८० इलेक्ट्रिकल अंशांचा. चार पोल-जोड्यांच्या मोटरला हे ४५ अंश होतात. दहा मिलिमीटर पिचचा बॉल स्क्रू असेल तर सरकणं फक्त सव्वा मिलिमीटर. पण वीस पोल-जोड्यांची टॉर्क मोटर एक मीटर लांबीचा हात थेट फिरवत असेल, तर ९ अंश म्हणजे हाताच्या टोकाला सुमारे १५७ मिलिमीटर. बिघाड तोच, ड्राइव्ह तोच, प्रमाणपत्रही तेच. फरक पडला तो मोटरला काय जोडलंय याने. आकृतीत मोटरच्या पुढे काहीच काढलेलं नसतं, हे लक्षात ठेवा.

पूर्वी हेच काम काँटॅक्टर करायचे. मोटरची लाइनच तोडायची, आणि काँटॅक्ट झिजले किंवा चिकटले की बदलायचे. मेन्स तोडले तर ड्राइव्ह पुन्हा उभा राहायला वेळ खायचा. त्या तुलनेत एसटीओ झटपट आहे आणि झिजत नाही. तेव्हा तो वाईट आहे असा अर्थ माझ्या लिखाणातून काढू नका.

आता नावाकडे बघा. आयईसी ६१८००-५-२ या मानकाने नाव प्रामाणिक ठेवलंय: टॉर्क ऑफ. 'स्टॉप' हा शब्द त्यात नाही. बोलताना आपण त्याला 'सेफ स्टॉप' म्हणून टाकतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. टॉर्क काढून घेतलेली मोटर थांबत नसते, ती मोकळी सुटते. आयईसी ६०२०४-१ च्या भाषेत ही स्टॉप कॅटेगरी ०, म्हणजे अनियंत्रित थांबणं.

एक हिशोब करू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण अवास्तव नाहीत. एका जड चकतीचं जडत्व ०.५ किलोग्रॅम-मीटर वर्ग, वेग १५०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १५७ रेडियन. बेअरिंग आणि हवेचा मिळून विरोध २ न्यूटन-मीटर. एसटीओ लावला तर ती सेकंदाला ४ रेडियन प्रति सेकंद या दराने मंदावेल आणि थांबायला सुमारे ३९ सेकंद घेईल. त्याऐवजी ड्राइव्हनेच ४० न्यूटन-मीटरने ब्रेक लावला तर दोन सेकंदांत थांबेल. आता समोर लाइट कर्टन आहे असं धरा. तो किती लांब लावायचा हे आयएसओ १३८५५ सांगतं: चालत येणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरायचा आणि त्याला एकूण थांबण्याच्या वेळेने गुणायचं, वर थोडी भर घालायची असते, ती सध्या सोडून देऊ. दोन सेकंदांना ३.२ मीटर येतात. ३९ सेकंदांना जवळपास ६३ मीटर! एवढं तर वर्कशॉपही लांब नसतं. म्हणजे अशा यंत्राला लाइट कर्टन आणि एसटीओ ही जोडी चालतच नाही. चकती थांबेपर्यंत दार न उघडणारं कुलूप तरी हवं, नाहीतर नियंत्रित थांबा. आकृतीत मात्र बटणाच्या जागी लाइट कर्टन काढला की काम झालं असं वाटतं, कारण कागदावर दोन्हींच्या तारा सारख्याच दिसतात.

नियंत्रित थांब्याचं नाव एसएस १, सेफ स्टॉप १. आधी ब्रेक लावून वेग उतरवायचा, मग एसटीओ. जरा थांबून वाचण्यासारखा भाग हा आहे, कारण सेफ्टी कंट्रोलर आणि ड्राइव्ह यांची खरी सांधेजोड इथे होते. मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत एसएस १ चे तीन प्रकार आहेत. एकात वेग उतरण्याचा दर मर्यादेत ठेवण्याचं काम सुरक्षित पातळीवर होतं, दुसऱ्यात त्या दरावर लक्ष ठेवलं जातं, आणि तिसऱ्यात, म्हणजे एसएस १-टी मध्ये, फक्त घड्याळ असतं. साध्या व्हीएफडीला फक्त एसटीओ असतो, म्हणून आपल्या प्रयोगशाळांमध्ये आणि बऱ्याच कारखान्यांत जो बनतो तो हा तिसरा प्रकार. सेफ्टी कंट्रोलर एका साध्या इनपुटवर ड्राइव्हला 'थांब' म्हणतो, स्वतःचा टायमर सुरू करतो आणि टायमर संपला की एसटीओच्या दोन्ही तारा सोडतो. मधल्या काळात ड्राइव्ह खरंच मंदावतोय का, हे कोणी बघत नाही.

वरच्याच चकतीला ड्राइव्हमध्ये दोन सेकंदांचा रॅम्प लावलाय आणि कंट्रोलरमध्ये अडीच सेकंदांचा टायमर. सगळं छान. काही महिन्यांनी ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप व्हायला लागतो, कारण चकतीची ऊर्जा डीसी लिंकमध्ये परत येते आणि ब्रेक रेझिस्टर लहान पडतो. १५०० आरपीएमला या चकतीत सहा हजार जूलच्या वर ऊर्जा आहे, ती जाणार कुठे? मग देखभालीचा माणूस, त्याच्या बाजूने अगदी शहाणपणाने, रॅम्प चार सेकंदांचा करतो. ट्रिप बंद. कंट्रोलरच्या प्रोग्रॅमला त्याने हात लावलेला नाही. तो पासवर्डखाली आहे आणि त्याच्याकडे पासवर्ड नाही. आता दार उघडलं की अडीच सेकंदांनी एसटीओ लागतो तेव्हा चकती अजून ५६० आरपीएमच्या आसपास फिरत असते, आणि तिथून मोकळी सुटून थांबायला आणखी पंधराएक सेकंद घेते. पॅनेलवर हिरवे दिवे. कंट्रोलरने वेळेवर काम केलं, एसटीओने मायक्रोसेकंदाची कुचराई केली नाही, आणि कागदावरचा पीएल ई आहे तिथेच आहे.

याहून वाईट गोष्ट अशी की कोणी हात न लावताही हे होऊ शकतं. बऱ्याच ड्राइव्हमध्ये डीसी लिंकचा व्होल्टेज वाढायला लागला की रॅम्प आपोआप लांबवणारी सोय असते. ट्रिप होऊ नये म्हणून ठेवलेली ही चांगली सोय. ती चालू असेल तर थांबण्याचा वेळ भारावर आणि त्या दिवशीच्या मेन्स व्होल्टेजवर ठरतो. आणि ब्रेक लागत असतानाच वीज गेली तर? काही ड्राइव्ह फिरत्या भाराच्या ऊर्जेवर जिवंत राहून मोटर मंदावत नेतात, काही सरळ मोकळी सोडतात. कुठलं होईल ते एका पॅरामीटरवर. तो पॅरामीटर सेफ्टीच्या प्रकरणात सापडत नाही, शंभर पानं पुढे सापडतो.

उभ्या अक्षाचं दुखणं तर सरळच आहे. टॉर्क काढला की भार खाली येतो. ब्रेक लागायला १०० मिलिसेकंद लागले तर मोकळ्या पडण्याने, म्हणजे वाईटात वाईट धरून, ४९ मिलिमीटर. हाताचं बोट अडकायला पुरे. त्यासाठी सेफ ब्रेक कंट्रोल हे वेगळं फंक्शन आहे, आणि ते ब्रेक लावण्याची आज्ञा सुरक्षितपणे देतं. ब्रेकची लायनिंग झिजलीय का हे ते बघत नाही. पुन्हा नाव नीट वाचा, एवढंच.

आता त्या दोन तारांकडे येऊ. आकृतीत त्या दोन निमूट रेषा आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यावर सतत बोलणं चालू असतं. सेफ्टी कंट्रोलरच्या आउटपुटवर २४ व्होल्ट असतात, पण तो मधूनमधून, साधारण मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ, ते शून्य करून बघतो. मला अजून बंद करता येतंय ना, तार कुठे २४ व्होल्टला किंवा शेजारच्या तारेला चिकटली तर नाही ना, याची ही चाचणी. ड्राइव्हच्या एसटीओ इनपुटने हा टेस्ट पल्स कानाआड करायचा आणि खरा 'बंद' लगेच ऐकायचा. त्यासाठी इनपुटला फिल्टर असतो. कंट्रोलरचा पल्स त्या फिल्टरपेक्षा लांब निघाला की ड्राइव्ह कधीही, विनाकारण ट्रिप होतो. दोन्ही चॅनेल एकाच वेळी पडली नाहीत तर आणखी गंमत. दोन चॅनेलमध्ये किती वेळाचा फरक चालेल याची ड्राइव्हला मर्यादा असते, ती ओलांडली की तो फॉल्ट धरून बसतो.

अशा वेळी काय केलं जातं? कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टेस्ट पल्स बंद' असा एक चौकोन असतो. टिचकी मारली की त्रास संपतो. पण आउटपुटच्या ज्या निदान-क्षमतेवर कंट्रोलरच्या प्रमाणपत्रातला आकडा उभा होता, तिचा मोठा भाग त्या टिचकीने जातो. मग तारांमधला शॉर्ट होणारच नाही असं तुम्हाला दुसऱ्या मार्गाने दाखवावं लागतं. आयएसओ १३८४९-२ तशी मुभा देतं, उदाहरणार्थ तारा एकाच बंद पॅनेलच्या आत असतील किंवा वेगवेगळ्या केबलमधून नेल्या असतील तर. पण तुमचा ड्राइव्ह मशीनवर असेल, पॅनेल आठ मीटर लांब असेल आणि दोन्ही तारा एकाच केबलमध्ये असतील, तर ही मुभा अशी फुकट मिळत नाही. गंमत बघा. मघाशी रॅम्प बदलला तेव्हा धोका वाढला आणि पीएल तसाच राहिला. इथे पीएलच घसरला आणि आकृती तशीच राहिली. आकृतीतल्या रेषांना लांबी नसते.

तारांऐवजी नेटवर्क वापरलं, म्हणजे प्रोफीसेफ किंवा सेफ्टी ओव्हर इथरकॅट, तर टेस्ट पल्सचा प्रश्न मिटतो आणि वॉचडॉगचा वेळ येतो. संदेश हरवला तर ड्राइव्ह तो वेळ संपेपर्यंत वाट बघणार. तोही वरच्या १६०० मिलिमीटरच्या गुणाकारात धरावा लागतो. कम्युनिकेशन एरर येतात म्हणून वॉचडॉग वाढवणं हा इथला रॅम्प वाढवण्याचा भाऊ.

खालच्या त्या ओळीबद्दल, सिल ३, पीएल ई, थोडं सावकाश बोलायला हवं. सायन्सकडून आलेल्या आपल्यासारख्यांना आकडा दिसला की तो मोजलेला वाटतो. पीएल ई चा अर्थ धोकादायक बिघाडाची सरासरी शक्यता शंभर कोटी तासांत १० ते १०० वेळा. पीएल डी चा १०० ते १०००. शंभर कोटी तास म्हणजे एक लाख वर्षांहून जास्त. हे कोणी स्टॉपवॉच घेऊन बघितलेलं नाही, हे उघड आहे. सुट्या भागांचे बिघाड-दर, रचना, निदान-क्षमता आणि एकाच कारणाने दोन्ही चॅनेल जाण्याची शक्यता यांवरून तो काढलेला आकडा आहे. त्यात काही गैर नाही, गणित व्यवस्थित आहे. पण प्रत्येक गृहीतकाला अट असते, आणि ती मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते: तापमान, किती वर्षं, किती दिवसांनी एकदा एसटीओ वापरून बघायचा. आणि हा आकडा फक्त ड्राइव्हचा. सेन्सर, कंट्रोलर, ड्राइव्ह या साखळीचे आकडे मिळवायचे असतात. समजा ८, ४ आणि २, तर १४. अजून पीएल ई च्या पट्ट्यात. पण यांत्रिक ब्रेक साखळीत आला की त्याचाही आकडा लागतो, आणि तो देताना पुरवठादार बहुतेक वेळा गप्प असतो. अशी बेरीज करायला जर्मनीच्या आयएफए संस्थेचं सिस्टेमा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ड्राइव्हची लायब्ररी ओढून टाकली की हिरवी खूण येते. ती खूण 'बिघाड किती वेळा' एवढंच सांगते. बिघाड न होता, सगळं ठरल्याप्रमाणे चालूनही माणूस चकतीपर्यंत आधी पोचला, हे तिच्या कक्षेत येतच नाही.

उत्पादकांच्या बाजूने कोणी म्हणेल की अहो, मॅन्युअलमध्ये सगळ्या सूचना आहेत, जोखमीचं मूल्यमापन मशीन बनवणाऱ्याची जबाबदारी आहे हेही लिहिलंय. खरं आहे, लिहिलेलं असतं. एसटीओ म्हणजे विद्युत विलगीकरण नव्हे, हेही ठळक चौकटीत असतं. आपल्या ४१५ व्होल्ट पुरवठ्यावर डीसी लिंक ५८५ व्होल्टच्या आसपास असते, आणि एसटीओ लागल्यावरही ती आणि मोटरची टर्मिनल्स जिवंत धरायची असतात. एसटीओ सोडल्यावर रन कमांड तशीच धरलेली असेल तर काही सेटिंगमध्ये मोटर लगेच उचलते, हेही असतं. पण मजकूर पानावर राहतो आणि आकृती प्रवासाला निघते. ॲप्लिकेशन नोटमधून ट्रेनिंगच्या स्लाइडवर, तिथून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, तिथून पेपरमध्ये. प्रत्येक मुक्कामावर सूचना गळतात आणि सिल ३ उरतो.

पेपरमध्ये त्याचं एक वाक्य होतं. साधारण असं: 'सुरक्षेसाठी सेफ्टी पीएलसी ड्राइव्हच्या सिल ३ प्रमाणित एसटीओला जोडला आहे.' रिव्ह्यूअर पुढे जातो, कारण पेपरचा विषय कंट्रोल अल्गोरिदम असतो. तुम्ही रिव्ह्यूअरच्या जागी असाल तर या वाक्यावर थांबा. कुठल्या धोक्यासाठी? काय झाल्यावर? किती वेळात, किती भार असताना? तेच वाक्य असं लिहिता येतं: 'दार उघडल्यापासून कमाल वेग आणि कमाल जडत्व असताना चकती थांबेपर्यंतचा वेळ तीस वेळा मोजला; सर्वांत मोठा २.३ सेकंद आला. दाराचं कुलूप ४ सेकंद धरलेलं असतं. ब्रेक लागत असताना मेन्स तोडल्यावर हा वेळ बदलतो का ते वेगळं मोजलं.' यातले आकडे मी नमुन्यादाखल घातलेत. सरासरी न देता सर्वांत मोठा वेळ दिलाय, हे मात्र मुद्दाम. सरासरीने कोणाचं बोट वाचत नाही.

हे मोजायला महागडं काही लागत नाही. शाफ्टवर एन्कोडर किंवा साधा प्रॉक्सिमिटी सेन्सर, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप, एक चॅनेल दाराच्या स्विचवर. मग एकेक तार मुद्दाम सोडून बघायची: फक्त एसटीओ १ पाडला तर ड्राइव्ह काय करतो, फॉल्ट धरतो का, आणि तार परत लावल्यावर रीसेट न देता उचलतो का. अर्थात चकतीला गार्ड लावून, आणि खोलीत एकटे असताना नाही. मॅन्युअलशी निकाल जुळला तर उत्तम. नाही जुळला तर तुमच्या प्रबंधाला एक प्रकरण मिळालं.

विषय शोधत असाल तर एक जागा मोकळी दिसते. ज्या ड्राइव्हमध्ये सेफ्टी फंक्शन्स आतच आहेत तिथे सेफ्टीचे पॅरामीटर चेकसमने बांधलेले असतात, कोणी बदलले तर कळतं. नुसता एसटीओ असलेल्या स्वस्त व्हीएफडीमध्ये रॅम्प हा साधा पॅरामीटर आहे आणि तो कुठल्याच चेकसमखाली नाही. मोटरला एन्कोडरही नाही. मग रोजच्या साध्या थांबण्यांतून, ड्राइव्ह तसाही मोजत असलेल्या करंट आणि डीसी लिंक व्होल्टेजवरून, थांबण्याचा वेळ हळूहळू वाढतोय हे सेफ्टी कंट्रोलरला कळू शकेल का? कळलंच, तर त्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा? कारण ती येणार आहे अशा मार्गाने, ज्याला सिल ३ सोडा, कुठलाच दर्जा नाही.